अक्कूचे केस

फकीरप्पा हडपदचा हात कल्लापुरात नावाजलेला होता. दाढीला बसलेला माणूस अर्ध्यातच घोरायला लागायचा, वस्तरा गळ्यावरून कधी फिरून गेला हे त्याला कळायचंही नाही. तान्ह्या पोरांची जावळं काढायला आजूबाजूच्या सहा-सात गावांतून त्यालाच बोलावणं यायचं. "दुसऱ्याकडे नेलं की पोरगं घर डोक्यावर घेतं," बाया म्हणायच्या, "फकीरप्पा नुसती फुंकर घातल्यासारखं काढतो."

या माणसाला स्वतःच्या लेकीच्या केसांना हात लावता येत नव्हता.

अक्कू लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. नाव अक्कमहादेवी, पण ते फक्त दवाखान्याच्या कागदावर. जन्मली तेव्हा बराच वेळ रडली नाही. वर्षभराने हुबळीच्या डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूला प्राणवायू कमी पडला, हिला सेरेब्रल पाल्सी आहे, पाय ताठ राहतील, बोलणं थोडंच येईल. फकीरप्पाने ते ऐकून घेतलं. कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले पाय तो रोज सकाळी हळूहळू सोडवायचा, पोरीला पुढ्यात घेऊन भरवायचा. चालता येत नाही हे डोळ्यांना दिसत होतं, म्हणून मनालाही पटलं होतं. जे दिसत नव्हतं, त्याने त्या घराला जेरीस आणलं.

कुकरची शिट्टी झाली की अक्कू अशी दचकायची की खाटेवरून पडायची. रत्नव्वाने, तिच्या आईने, कुकर शेजारी देऊन टाकला. नव्या झग्याची जाळी मानेला लागली की पोर धनुष्यासारखी मागे वाकायची आणि श्वास कोंडेपर्यंत ओरडायची. भाकरीचा कण हाताला चिकटला तरी तेच. न्हाऊ घालताना डोकं जरा मागे नेलं की कुणी विहिरीत ढकलल्यासारखे तिचे डोळे पांढरे व्हायचे. तिच्या लेखी सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे फणी. रत्नव्वाने पाच वर्षं तिचे केस विंचरून पाहिले. रोज सकाळी एकीचं ओरडणं आणि दुसरीचं रडणं. सहाव्या वर्षी तिने फणी फळीवर ठेवली ती ठेवलीच.

दिवसभर उताणी पडणारी पोर. डोकं उशीवर सारखं इकडून तिकडे घासायचं. मागचे केस गुंतत गेले, गुंत्यावर गुंता बसला, आणि सात वर्षांची होईतो डोक्याच्या मागे एक आणि डाव्या कानाच्या वर एक, अशा नारळाच्या शेंडीसारख्या दोन घट्ट गाठी झाल्या.

फकीरप्पाने एकदा प्रयत्न केला होता. पोरगी झोपली असताना, अगदी अलगद, मोराचं पीस फिरवावं तसा तिच्या कानामागे हात नेला आणि कात्री चालवली. कात्रीचा पहिला आवाज कानाजवळ झाला मात्र, अक्कू उसळली. कानाची पाळी कापली गेली. वीस वर्षांच्या धंद्यात त्याने कुणाचं एवढं रक्त काढलं नव्हतं. त्यानंतर महिनाभर तो जवळ आला की ती मान खांद्यात घालायची. त्याच्या हाताला येणारा दाढीच्या साबणाचा वास तिला लांबूनच ओळखू यायचा.

घरात चौथं माणूस होतं नीलव्वा, फकीरप्पाची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आलेली, मूलबाळ नाही. अक्कूचे घाणेरडे कपडे तिने कधी नाक मुरडून धुतले नाहीत. वर्षातून एकदा ती चालत यल्लम्माच्या डोंगरावर जायची. एका मंगळवारी तिने अक्कूला मांडीवर घेतलं, डोक्यामागची गाठ बोटांनी चाचपली आणि तिचा चेहराच बदलला.

"फकीरा, ही गाठ नव्हे रे. जट आहे."

"अक्का, उशीवर घासून झालंय ते."

"तू न्हावी, तुला सगळीकडे केसच दिसणार. पोर उगाच अशी ओरडते होय? अंगावर कुणी येतं म्हणून ओरडते." आणि तिने हळदीची चिमूट त्या गाठीला लावली. अक्कू किंचाळली. नीलव्वाने हात जोडले.

पुढच्या मंगळवारी शेजारच्या दोघी आल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी गल्लीतल्या सगळ्या. मग दर मंगळवार हे ठरूनच गेलं. कापूर, घंटी, हळद, कुंकू, पायाशी खणाचे तुकडे. एकेक बाई पुढे यायची, अक्कूच्या पायाला हलकेच बोटं लावायची, कपाळाला टिकली लावायची, जटेवर फूल ठेवायची. त्या प्रत्येक स्पर्शाला अक्कू ताठ व्हायची, मान मागे टाकून ओरडायची. ती ओरडली की बाया म्हणायच्या, "आली, आई आली!" आणि घंटी जोरात वाजवायच्या. घंटी वाजली की ती आणखी ओरडायची.

मंगळवार म्हणजे सलूनची सुट्टी. फकीरप्पा घरीच असायचा. तो मागच्या दारात पायरीवर बसून ते ऐकायचा. एकदा न राहवून आत गेला आणि म्हणाला, "बास करा, तिला त्रास होतोय."

एक म्हातारी हसून म्हणाली, "तिला नव्हे रे बाबा, तुला होतोय. बापाला आई झेपत नाही."

सगळ्या हसल्या. रत्नव्वाही हसली, हे त्याला जास्त लागलं.

बाया गेल्यावर त्याने बायकोला विचारलं, "तुला कळतं ना, हे देवीबिवी काही नाही?"

रत्नव्वा बायांनी ठेवलेली केळी टोपलीत भरत होती. तिने टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "सात वर्षं या गल्लीतलं एक माणूस आपल्या उंबऱ्यात आलं नव्हतं. बारशाला बोलावत नव्हते मला. तुझी सावली नको म्हणायचे. आता येतात, बसतात, पोरीला आई म्हणतात, मला चहाला बोलावतात. मी कुठल्या तोंडाने नका येऊ म्हणू? तुम्हीच सांगा."

तो दुकानात जायचा तिथेही सुटका नव्हती. खुर्चीत बसल्या बसल्या गिऱ्हाईक म्हणायचं, "काय देवीचे बाप! बघा हं, कात्री जपून ठेवा. जटेला लागली तर हात झडतो म्हणे." कुणी थट्टेने म्हणायचं, कुणी खरंच.

माघातली पौर्णिमा जवळ आली तेव्हा ती म्हातारी पुन्हा आली. या वेळी तिने नीलव्वाला बाजूला घेऊन सांगितलं, पण फकीरप्पाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "पोरीला आठवं लागलं. डोंगरावर न्या, मोती बांधून टाका. आईची चीज आईला द्या, तुम्ही सुटाल."

फकीरप्पाच्या आईच्या गावात एक मावशी होती, लहानपणीच मोती बांधून देवीला सोडलेली. लहानपणी तो तिला ओळखत होता. तिचं पुढे काय झालं, कोणकोणत्या दारांत तिला उभं राहावं लागलं, हे त्याला माहीत होतं. तो उठून उभा राहिला.

"आता कायदा आहे त्याला. पोलीस धरतील."

"कायदा कागदावर असतो," म्हातारी म्हणाली. "आई अंगावर असते."

त्या दिवशी नीलव्वाने भावाकडे बघितलंही नाही, आणि तिच्या मनात हो आहे की नाही हे फकीरप्पाला समजेना. त्याच आठवड्यात अक्कूला ताप भरला. मागच्या जटेखाली कातडी कुजली होती, पू येत होता. हळद, तेल, कुंकू सगळं आत मुरलेलं. वासाने जवळ बसवेना. फकीरप्पाने तिला घोंगडीत घट्ट गुंडाळलं, कारण घोंगडीत ती नेहमीच गप्प राहायची, आणि पहाटेच्या बसने हुबळी गाठली.

डॉक्टरांनी जखम पाहिली, औषध दिलं आणि म्हणाले, केस काढायलाच हवेत. मग त्यांनी त्याला खालच्या मजल्यावर पाठवलं. तिथे अशा मुलांना जेवायला, कपडे घालायला, हात वापरायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. रेश्मा मॅडम, वय फार तर तीस. त्या एकदम अक्कूजवळ आल्या नाहीत. समोर जमिनीवर बसल्या, तिच्या डोळ्यांपुढे आपले दोन्ही तळवे धरले आणि म्हणाल्या, "अक्कू, आता मी खांद्यावर हात ठेवते." आणि दोन्ही खांदे चांगले दाबून धरले, पिठाची गोणी दाबावी तसे.

फकीरप्पाचे डोळे आपोआप मिटले. आता ओरडणार.

अक्कू ओरडली नाही. तिने एक लांब श्वास सोडला.

"तुम्ही काय काम करता?" मॅडमनी विचारलं.

"न्हावी आहे, बाई."

"म्हणजे हात हलका असणार."

"लोक म्हणतात तसं."

"तोच तिला सोसत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या-माझ्या अंगावरून पीस फिरलं तर गुदगुल्या होतात. हिच्या मेंदूपर्यंत ते पोचतं तेव्हा सुया टोचल्यासारखं पोचतं. आवाजाचंही तसंच. मान मागे गेली की हिला वाटतं आपण पडलोच, मग सगळं अंग ताठ होतं. पाय धड नाहीत तसंच हेही धड नाही, एवढंच. ती हट्टी नाही आणि तिच्या अंगात कुणी येतही नाही. जोराचा, सांगून केलेला, न हलणारा स्पर्श तिला कळतो. घोंगडीत गप्प राहते ती त्यामुळेच."

फकीरप्पा आपल्या हातांकडे बघत राहिला. आठ वर्षं तो पोरीला दुखू नये म्हणून जितका जपून हात लावत आला होता, तितकं तिला दुखत आलं होतं. त्याला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं.

"भूल देऊन काढता नाही येणार?" त्याने विचारलं.

"येतील. पण छाती कमजोर आहे तिची. आणि केस परत वाढणार. दर वेळी भूल देणार का? तुम्ही काढा. महिने लागतील. समोरून या, आधी सांगा, मोजा आणि तिने थांब म्हटलं की थांबा. खरंच थांबा. अजून दोन केस राहिलेत म्हणून पुढे जायचं नाही."

गावी येऊन त्याने बहिणीला सगळं सांगितलं. मंगळवार बंद कर म्हणाला. नीलव्वाने जेवणाचं ताट पुढे सरकवलं.

"डोंगरावर मी एकटीच जाते, पोरीला नेत नाही. तेवढं तुझं ऐकलं. पण आलेल्या बायांना हाकलायचं पाप मी करणार नाही. तुला जमत असेल तर तू हाकल."

त्याला जमलं नसतं. ज्या गल्लीत दुकान, त्याच गल्लीत घर, त्याच गल्लीतल्या माणसांच्या दाढ्या. शेवटी त्याला एकच वाट दिसली. मंगळवारी पहाटे, बाया यायच्या आत, तो अक्कूला उचलून दुकानात घेऊन गेला आणि शटर आतून ओढून घेतलं.

कल्लापुरातला उन्हाळा आणि पत्र्याचं दुकान. दहा वाजेपर्यंत आत भट्टी व्हायची. पंखा लावायची सोय नाही, वारा मानेला लागला की ती ताठ व्हायची. दिवा एकच. फकीरप्पाने हात नुसत्या पाण्याने तीनदा धुतले, वासाचं काही जवळ ठेवलं नाही. खुर्ची नको, कारण ती मागे कलते. त्याने पोत्यावर बसून अक्कूला गुडघ्यांमध्ये घट्ट धरलं, तिचे पाय फळीवर टेकवले, हनुवटी छातीशी. डोक्यावर दोन्ही तळवे दाबले आणि दहापर्यंत मोजलं. कात्री नाही, काही नाही. पहिला मंगळवार तेवढ्यातच गेला.

बाहेरून हाका यायच्या. "फकीरप्पा, आईला कोंडून ठेवतोस होय?" शटरवर हात आपटायचे. पत्रा वाजला की अक्कू उसळायची आणि तासाभराची मेहनत पाण्यात. मग तो तिला छातीशी आवळून बसायचा, दोघंही घामाने चिंब, आणि बाहेरचं माणूस कंटाळून जायची वाट बघायचा. कधी कधी त्याला वाटायचं, हे शटर आता उघडणारच नाही. आपण दोघं इथेच, या अंधारात, एकाच्या गुडघ्यांत दुसरं.

तिसऱ्या मंगळवारी त्याने गाठीतली एक बट चिमटीत घट्ट धरली, म्हणजे मुळाशी ओढ बसू नये, आणि म्हणाला, "आता एकदा कात्री. एक, दोन, तीन." आवाज झाला. अक्कू थरथरली.

"बास," ती म्हणाली.

हा शब्द ती बोलत असे, पण नेहमी ओरडण्याच्या मधोमध, आणि कुणी ऐकत नसे. फकीरप्पाने कात्री खाली ठेवली. दोन्ही हात वर करून दाखवले. अक्कू त्याच्या हातांकडे बघत राहिली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "अजून एकदा?" तिने मान हलवली. त्याने बट धरली, मोजलं, आणि कात्री उचलायच्या आत ती म्हणाली, "बास." त्याने ठेवली. पुन्हा धरली. "बास." ठेवली. असं सात वेळा झालं. आठव्यांदा ती हसायला लागली. आपल्या एका शब्दाने बाप थांबतो, हे तिला नुकतंच कळलं होतं. त्या दिवशी एकच बट कापून झाली. दुपारी शटर उघडून बाहेर आला तेव्हा त्याचे पाय उचलत नव्हते, पण तो ज्याला भेटेल त्याला उगाचच रामराम घालत घरी गेला.

मागची जट सुटायला अकरा मंगळवार लागले. आतली जखम वाळली. घरी नेताना तो जखमेचं फडकं डोक्याला घट्ट बांधायचा, म्हणून नीलव्वाला काही दिसलं नव्हतं. कापलेले केस तो कागदात गुंडाळून स्वतः ओढ्यात सोडून यायचा, पण अकराव्या वेळी ते पुडकं दुकानाच्या कोपऱ्यात राहिलं आणि डबा घेऊन आलेल्या नीलव्वाच्या हाती पडलं.

ती ओरडली नाही. दुकानाच्या पायरीवर बसली, पुडकं मांडीवर घेऊन. "मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं," ती म्हणाली. "म्हणून विचारलं नाहीस. पण माझ्या पाठीमागे..." मग अक्कूकडे बघितलं. अक्कूच्या डोक्याची मागची बाजू उघडी पडली होती, कोवळी, गोरी. नीलव्वाचा हात पुढे आला आणि तसाच मागे गेला. दोन दिवसांनी ती धाकट्या भावाकडे कोप्पळला निघून गेली.

गावात बातमी पसरली. बाया यायच्या बंद झाल्या. शटरवर कुणी हात आपटेना. फकीरप्पाला वाटलं होतं आता मोकळा श्वास घेता येईल. पण गिऱ्हाइकंही घटली. पंधरा वर्षं त्याच्याकडे दाढी करणारा तेलाच्या घाण्याचा मालक बसने पुढच्या गावी जायला लागला. आणि घरात रत्नव्वा गप्प झाली. तिच्या उंबऱ्यात आता पुन्हा कुणी येत नव्हतं. एकदा ती भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "तुम्ही तिचे केस काढलेत. बरं केलंत, जखम बघितली मी. पण माझी माणसंही त्यातच गेली. तुमचं दोघांचं दुकान आहे मंगळवारी कोंडून घ्यायला. मी कुठे जाऊ?"

पुढच्या मंगळवारी फकीरप्पा तिला म्हणाला, "तू पण चल."

ती आली. शटर खाली गेलं तसा तिचा जीव घाबरला, "असं बसता होय तुम्ही?" म्हणाली. त्याने तिला समोर बसवून तळवे कसे ठेवायचे, किती दाबायचं हे दाखवलं. रत्नव्वाने घाबरत हात ठेवला तो हलकाच पडला. अक्कू कळवळली. "जोरात," फकीरप्पा म्हणाला, "कणीक तिंबतेस तशी." दुसऱ्या वेळी तिने दाबलं. अक्कू तशीच बसून राहिली. आईने आपल्याच पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आहे आणि पोर ओरडत नाही, हे आठ वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. रत्नव्वा हात काढायलाच तयार होईना. तिचे अश्रू अक्कूच्या हातावर पडले, तो ओला स्पर्श मात्र पोरीला सोसला नाही आणि तिने एकच आकांत मांडला. मग दोघांनी मिळून तिला घोंगडीत घेतलं.

कानावरची दुसरी जट श्रावणात निघाली. गिऱ्हाइकं थोडीथोडी परतली, कारण गावात दुसरा न्हावी नव्हता. नीलव्वा सणाला येते, उंबऱ्यापाशी बसते, जेवते आणि जाते. अक्कूच्या डोक्याबद्दल दोघं भावंडं बोलत नाहीत.

अक्कू आता बारा वर्षांची आहे, अंगाने भरली आहे. कुकर अजून शेजारीच आहे. घंटेच्या आवाजाला ती अजून तशीच दचकते, त्यामुळे मध्ये घातलेली शाळाही दोन महिन्यांत सुटली. केस दर दीड महिन्याला कापण्याजोगे होतात, आणि एकदा कापायचे तर चार मंगळवार जातात, म्हणजे एक संपेपर्यंत दुसऱ्याची वेळ येतेच. फकीरप्पाला गेली चार वर्षं सुट्टी अशी मिळालेली नाही. कोप्पळच्या भावाच्या नातवाच्या बारशाला जाता आलं नाही, गुडघ्याचं दुखणं दाखवायचं राहून गेलंय. रत्नव्वा दाबायला शिकली, कात्री धरायला मात्र ती तयार होत नाही. आपल्यामागे हे कोण करणार, या विचाराशी तो रोज येतो आणि तिथूनच परत फिरतो.

गेल्या मंगळवारी मानेवरचे तेवढे केस झाले. उजवी बाजू राहिली होती, पण अक्कूला त्याच्या गुडघ्यांमध्येच झोप लागली. उठावं तर ती जागी होणार, आणि जागी झाली की दिवस संपला. पत्रा तापत चालला होता. त्याच्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला, मग आपल्याला पाय आहे हेच जाणवेनासं झालं. रत्नव्वाने बाहेरून हळूच विचारलं, "जेवायला येताय ना?"

"तू जेवून घे," तो आतून म्हणाला, आणि तसाच बसून राहिला.